कोल्हापुरात एचआर व्हायचंय? आधी मस्टर वाचायला शिका

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) आणि एमबीएची मुलं-मुली दर वर्षी प्रोजेक्टसाठी आमच्याकडे येतात. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचा कास्टिंग आणि मशीनिंगचा कारखाना आहे, तीन पाळ्या चालतात. त्यातल्या एखादीचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, मला कामाच्या ठिकाणच्या समानतेवर करिअर करायचंय. डायव्हर्सिटीचा जॉब कोल्हापुरात मिळतो का?"

त्या नावाचा नाही मिळत. पुण्या-बेंगळुरूच्या मोठ्या कंपन्यांत तसं पद असतं, त्याला वेगळी टीम असते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात तेच काम टाइम ऑफिस (जिथे कामगारांची हजेरी नोंदतात), वेल्फेअर म्हणजे कामगार कल्याण ऑफिसरचं टेबल आणि पगारपत्रक यांत विखुरलेलं आहे. कोणी नाव दिलेलं नाही म्हणून ते नाही असं नव्हे. मी टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून लागले, आज या ग्रुपचं एचआर बघते. मधल्या प्रवासात जे उपयोगी पडलं तेवढंच इथे लिहिते.

कोल्हापुरात समतेवरचं भाषण शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय संपत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण २६ जुलै १९०२ चा हुकूम या कामात पडणाऱ्यानं एकदा शेवटपर्यंत वाचावा. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागास वर्गांतून भरायच्या, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढे दोन गोष्टी आहेत. ज्या कचेरीत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या खाली आहे तिथली पुढची नेमणूक त्याच वर्गातल्या माणसाची. आणि प्रत्येक खातेप्रमुखानं हुकुमानंतर केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवायचा. नुसता हुकूम काढला तर खातेप्रमुख काय करतील, याचा अंदाज असल्याशिवाय कोणी तक्ता मागत नाही. आमच्या धंद्यातलं सगळं शहाणपण मला त्या तक्त्यात दिसतं. समानतेचं पोस्टर कुणीही लावतो. तिमाही तक्ता मागणारा माणूस व्हायचं असेल तर पुढचं वाचा.

शिक्षणाचं पटकन सांगते

एमएसडब्ल्यू (एचआर किंवा कामगार कल्याण घेऊन) किंवा एमबीए एचआर, दोन्ही चालतात. शिवाजी विद्यापीठ आहे, सायबर ही संस्था आहे, त्यासाठी घर सोडावं लागत नाही. फरक एवढाच की कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर व्हायचं असेल तर समाजकार्य किंवा कामगार कल्याणाची ठरलेली पात्रता लागते, म्हणून प्रवेश घेण्याआधी तो कोर्स त्यासाठी मान्य आहे का हे लेखी विचारून घ्या. जुन्या कारखाने कायद्यात ५०० कामगारांवर वेल्फेअर ऑफिसर लागायचा. नव्या श्रमसंहितेत तो आकडा २५० वर आला आहे. म्हणजे आपल्याकडच्या मधल्या आकाराच्या कारखान्यांतही जागा निघायला वाव आहे.

जमलं तर नोकरी करता करता एलएलबी करा. वकिली करायची म्हणून नाही. समोरचा "कायद्यात असं आहे" म्हणाला की "कलम दाखवा" म्हणायचं धाडस येतं.

कायदे मात्र ताजे वाचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. समान वेतन, मातृत्व लाभ, कारखाने, कंत्राटी कामगार हे जुने कायदे त्यांत गेले. कॉलेजच्या नोट्स अजून जुन्याच असतील. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, अपंग हक्कांचा २०१६ चा आणि तृतीयपंथी व्यक्तींचा २०१९ चा, हे तीन वेगळे आहेत आणि तसेच चालू आहेत. हे सात मूळ मजकूर मोबाइलमध्ये पाहिजेत.

पहिली नोकरी टाइम ऑफिसातच घ्या

यावर पोरं नाराज होतात. एमबीए होऊन पंचिंगच्या चुका दुरुस्त करायच्या का? हो, करायच्या. वर्षभर तरी. मस्टर म्हणजे हजेरीपट, ओटी (ओव्हरटाइम) रजिस्टर, कॉन्ट्रॅक्टरची बिलं, पीएफचं चलन, ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) नोंदणी या गोष्टी हाताखालून गेल्या की कारखान्यात कोणाला काय मिळतं आणि कोणाला मिळत नाही हे तोंडपाठ होतं. ही माहिती दहा वर्षं रिक्रूटमेंट केलेल्या मॅनेजरकडे नसते.

मग एक शीट बनवा. नाव नको, टोकन नंबर पुरे. पुढे रकाने : स्त्री की पुरुष, खातं, कायम की कंत्राटी, पद, कुशल-अर्धकुशल-अकुशल यांपैकी काय लावलंय, रुजू तारीख, रुजू होतानाचा पगार, आजचा पगार, गेल्या वर्षातली ओटी, मिळालेला हजेरी बोनस. शेवटचा रकाना कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतो, तो स्वतः भरायचा : हा माणूस दिवसभर हातानं नेमकं काय करतो.

तो रकाना भरायला शॉपमध्ये उभं राहावं लागतं. आमच्या कोअर शॉपचं सांगते. कोअर म्हणजे कास्टिंगमधली पोकळी राखायला साच्यात ठेवायचा वाळूचा तुकडा. तिथे बायका वर्षानुवर्षं कोअर काढत होत्या, फिनिशिंग करत होत्या, खराब निघालेला कोअर हात लावून ओळखत होत्या. कागदावर सगळ्या 'हेल्पर', म्हणजे अकुशल. शेजारच्या टेबलावर आयटीआय करून आलेला पोरगा तेच काम शिकत होता, त्यांच्याकडूनच शिकत होता, आणि तो 'ऑपरेटर'. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, बायकांना जड कोअर बॉक्स उचलाय जमत न्हाई." पाळीभर उभी राहिले. जड बॉक्स पुरुषही उचलत नव्हते, चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) उचलत होता. हे मी वाद घालून सांगितलं नाही. कोणी किती कोअर काढले, किती रिजेक्ट झाले, बॉक्स कशानं उचलला, एवढं लिहून प्लांट हेडच्या टेबलावर ठेवलं. पगारवाढीच्या बजेटच्या आधी ठेवलं, ही वेळ महत्त्वाची. एप्रिलचं बजेट झाल्यावर न्यायाची गोष्ट काढली की उत्तर एकच मिळतं, पुढच्या वर्षी बघू.

वेतन संहितेनुसार एकाच मालकाकडे सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं काम असेल तर लिंगावरून पगारात फरक करता येत नाही. १९७६ च्या समान वेतन कायद्यातही हेच होतं. पण कुठलीही कंपनी "बाई म्हणून कमी" असं लिहून ठेवत नाही. फरक पदाच्या नावात लपतो, म्हणून तो शेवटचा रकाना.

आणखी दोन ठिकाणी बघा. एक ओटी. मूळ पगार सारखा असला तरी महिन्याच्या शेवटी हातात येणाऱ्या रकमेतला मोठा फरक ओटीनं पडतो, कारण तिचा दर दुप्पट. "बायकांना घरी जायचं असतं" म्हणून त्यांना कोणी विचारतच नाही. आम्ही आठवडाभर आधी यादी लावून सगळ्यांना विचारायला लागलो. काहींनी नको म्हटलं, पण रविवारची पाळी मागणाऱ्या बायकाही निघाल्या. दुसरं, हजेरी बोनस. महिनाभर एकही खाडा नको, अशी अट असली की पोराला ताप आला त्या एका दिवसात आईचा पूर्ण बोनस जातो. बाप त्या दिवशी कामावर असतो. नियम दोघांना एकच, फटका एकीला. तो बोनस टप्प्यांत करा, एका खाड्याला थोडा कमी, दोनला आणखी कमी. खर्च फारसा वाढत नाही आणि मालक याला चटकन हो म्हणतो, कारण एक खाडा झालेली बाई "आता गेलाच बोनस" म्हणून पुढचे दोन खाडे करत नाही.

समिती कागदावर असते, तिला माणसांत आणा

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष वरच्या पदावरची महिला, किमान दोन सभासद कर्मचाऱ्यांतले, एक बाहेरची व्यक्ती महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली, आणि निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत. समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. हे कुठल्याही एका तासाच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात. त्यात न सांगितलेलं सांगते.

आपल्याकडे प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा असतो. तक्रार करणारी बाई आणि ज्याच्यावर तक्रार आहे तो सुपरवायझर एकाच गावचे असतात. तिचा नवरा त्याच कॉन्ट्रॅक्टरकडे असतो. समितीतल्या एकीची नणंद त्या गावात दिलेली असते. कायदा गुप्तता पाळा म्हणतो, आणि इथे दुपारच्या डब्यापर्यंत बातमी दुसऱ्या युनिटला पोचते. म्हणून सभासद निवडताना खाती आणि गावं दोन्ही बघा. बाहेरची सभासद मालकाच्या ओळखीतली नको, शक्यतो दुसऱ्या तालुक्यातली घ्या. बैठक एचआरच्या काचेच्या केबिनमध्ये घेऊ नका. आम्ही फर्स्ट एड रूम वापरतो. तिथे कोणी का गेलं हे कोणी विचारत नाही.

कंत्राटी, रोजंदारी, ट्रेनी, अप्रेंटिस, सगळ्या या कायद्यात येतात. "ती आमच्या रोलवर नाही" हे उत्तर ऐकून गप्प बसायचं नाही.

तक्रार लेखी लागते, पण तिला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचंच काम आहे, तसं कायद्यात आहे. बाई दारात उभी राहून म्हणते, "मी सांगतो मॅडम, पण कागदावर घालू नका." त्या वेळी पेन खाली ठेवायचं आणि ऐकायचं. मग घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची मुदत सांगायची, ती आणखी तीन महिन्यांनी वाढू शकते हेही सांगायचं. चौकशी ९० दिवसांत संपवावी लागते. चौकशी चालू असताना तिला किंवा त्याला दुसऱ्या खात्यात हलवता येतं, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. तडजोड हवी असेल तर ती तिनं मागायला हवी, आणि पैसे देऊन तडजोड करता येत नाही. एवढं कळल्यावर निम्म्या जणी कागदावर घालायला तयार होतात. बाकीच्यांवर जबरदस्ती नको. त्यांच्या पाळीचा सुपरवायझर मात्र तुम्ही जास्त वेळा भेट देताय हे बघेल, ते बघू दे.

ट्रेनिंगला पुण्याहून आलेली स्लाइड लावू नका. कोअर शॉपच्या बायकांना 'अनवेलकम बिहेवियर' म्हणून काय कळणार? "जाता-येता धक्का मारतो, रात्री मेसेज टाकतो, लग्नाचं विचारत राहतो" असं बोला. पुरुषांचं ट्रेनिंग वेगळं घ्या आणि सुपरवायझरांचं त्याहून वेगळं. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपमधल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, हेही तिथेच सांगून टाका. आमच्या कामगारांच्या बहिणी-भावजया अशा वर्कशॉपमध्ये असतात.

"कुणाचा तू?"

जातीबद्दल कारखान्यात कोणी बोलत नाही आणि इंटरव्ह्यूत मात्र गाव, आडनाव, "कुणाचा तू, पाव्हणा कुठला?" हे पहिल्या दोन मिनिटांत होतं. विचारणाऱ्याचा हेतू वाईट असतोच असं नाही, कोल्हापुरी माणूस ओळख काढल्याशिवाय चहासुद्धा देत नाही. पण भरती ओळखीनं झाली की एका शॉपमध्ये दोन गावं आणि तीन आडनावं एवढंच उरतं. खासगी कारखान्याला आरक्षण लागू नाही, म्हणून हे काम कायद्याच्या जोरावर होत नाही, पद्धतीच्या जोरावर करावं लागतं.

जागा निघाली की गेटवर फलक लावा आणि आयटीआयला पत्र द्या, एकाच आयटीआयला नको. ट्रेड टेस्ट आधी, गप्पा नंतर. टेस्टचे गुण दोघांनी वेगवेगळे लिहायचे आणि मग मिळवून बघायचे. ओळखीनं आलेल्यालाही तीच टेस्ट. आमदारांचा फोन येतो, येऊ दे. "साहेब, टेस्टला पाठवा" एवढं नम्रपणे म्हणायची सवय करा. आणि दर तीन महिन्यांनी तक्ता : किती अर्ज, कुठल्या तालुक्यातून, किती बायका, कोण ओळखीनं आलं, कोण घेतलं. जात लिहायची नाही. गाव आणि शिफारस लिहिली तरी चित्र दिसतं.

अपंग उमेदवारांचं काम आपल्याकडे सोपं आहे, कारण पाया घातलेला आहे. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही संस्था कोल्हापुरातच आहे. २०१६ चा कायदा प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण करायला सांगतो. ते धोरण लिहिण्याआधी अशा संस्थेतल्या माणसाला शॉप फ्लोअरवर फिरवून आणा आणि उंबरे, पायऱ्या, संडास त्यांना मोजू द्या. आमच्याकडे इन्स्पेक्शनच्या टेबलाची उंची बदलली, एवढ्यानं दोन जागा खुल्या झाल्या.

मालकाशी कसं बोलायचं

आपल्याकडचे बरेच मालक स्वतः लेथवर उभे राहिलेल्या घरातले. त्यांना भाषण नको असतं. आकडा हवा, तोही एका पानावर.

बाई घेतली की मातृत्वाच्या रजेचा खर्च, ही तक्रार हमखास येते. त्याला उत्तर पाठ करा. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ती ईएसआयमध्ये आहे, आणि वर्गणीची अट पूर्ण असेल तर २६ आठवड्यांचा लाभ ईएसआय महामंडळ देतं, मालक नाही. मालक ३.२५ टक्के आधीच भरतोय, बाई घेतली काय आणि पुरुष घेतला काय. हे ऐकून मालक गप्प झालेले मी पाहिलेत. पाळणाघर ५० कर्मचाऱ्यांवर लागतं. एमआयडीसीत शेजारच्या युनिटांनी मिळून चालवायचा विचार मांडा, एकट्याला ते जड जातं.

दुसरा जोर गिऱ्हाइकाकडून येतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानं वरच्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यात महिलांचं प्रमाण, पगार, लैंगिक छळाच्या तक्रारी, अपंग कर्मचारी हे सगळं भरावं लागतं. ट्रॅक्टर, ट्रक, पंप बनवणाऱ्या त्या कंपन्या मग आपल्याला, म्हणजे कास्टिंग देणाऱ्यांना, प्रश्नावली पाठवतात. बहुतेक ठिकाणी ती क्वालिटीवाल्याकडे जाते आणि तो अंदाजे भरतो. ती मागून घ्या. ज्या दिवशी गिऱ्हाइकाचं ऑडिट तुमच्या शीटवर पास होतं, त्या दिवसापासून तुम्हाला मॅनेजमेंट मीटिंगला बोलावतात. माझी खुर्ची तशीच आली, आजतागायत कोणी दुसरं कारण सांगितलेलं नाही.

रात्रपाळी हा वरच्या पदाचा खरा कस. नव्या संहितेनुसार संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी बाईला तिच्या संमतीनं काम देता येतं, सुरक्षेच्या अटींसह. मालक म्हणतो संमती घेऊन टाका. छापील फॉर्मवर सह्या घेतल्या म्हणजे संमती झाली असं मानणारा एचआर हेड तुम्हाला व्हायचं नसेल तर आधी गाडी दारापर्यंत जाईल का, ड्रायव्हर कोण, त्या पाळीत किमान चार-पाच जणी एकत्र असतील का, संडासाजवळ दिवा आहे का, हे लेखी मागा. मिळेपर्यंत पाळी थांबवायची. मोठ्या पदाचा पगार "थांबा" म्हणायचाच असतो, आणि त्यासाठी नोकरी गेली तर वर्षभर घर चालेल एवढे पैसे बाजूला ठेवा. युनियनच्या लोकांशी बोलणं तोडू नका. त्यांना जे आधी कळतं ते तुम्हाला महिन्यानं कळतं.

पुण्याला जायचं का? जा, दोन-चार वर्षं. मोठ्या कंपनीत पगाराचं विश्लेषण कसं करतात, पॉलिसी कशी लिहितात हे तिथे शिकायला मिळतं. परत आलात तर इथे त्याची किंमत आहे. फक्त टाइम ऑफिस न करता थेट जाऊ नका, तिथे फाइलमधली बाई दिसते, कोअर शॉपमधली नाही.

कोल्हापूर भागातल्या कारखान्यात इंटरव्ह्यूला जाल तेव्हा शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं विचारतात. तीन प्रश्न विचारा. समितीची शेवटची बैठक कधी झाली? कंत्राटी कामगारांना पगाराची स्लिप कोण देतं, तुम्ही की कॉन्ट्रॅक्टर? आणि गेल्या वर्षी बायकांपैकी कोणाला हेल्परचा ऑपरेटर केलंय का? तिन्हींना "बघून सांगतो" असं उत्तर आलं तर काम भरपूर आहे, नोकरी घ्या. "असलं कशाला विचारता?" असं आलं तर चहा पिऊन निघा. आणि चहा कोणी आणला, त्याला किती पगार आहे, हे जाताना गेटवरच्या वॉचमनला विचारा.